बेल वाजवू नये : मोठ्या माणसांच्या एडीएचडी तपासणीचा अनुभव, चार स्टार

दारावर पाटी आहे. "बेल वाजवू नये. पोचल्यावर मेसेज करावा. उत्तर नाही आले तर दार ढकलावे, उघडेच असते." आता सगळा जन्म पुण्यात गेल्यामुळे पाट्यांचं मला काही वाटत नाही, मनात म्हणलं ही पण त्यातलीच असणार, आणि हात सवयीने बेलवर गेलाच. आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग चाळिशीच्या एक बाई कानातले फोमचे बोळे काढत दारात आल्या आणि म्हणाल्या, "पहिल्या वेळी सगळेच वाजवतात. मी पण वाजवली असती, पाटी अर्धीच वाचून."

ह्याच त्या सायकॉलॉजिस्ट. त्यांना स्वतःला एडीएचडी आहे (लक्ष न टिकणं, चुळबुळ, उतावळेपणा, हे जन्मापासूनचं), ऑटिझम पण आहे, आणि त्या ते लपवत नाहीत, अपॉइंटमेंटच्या फॉर्मवरच लिहिलेलं असतं. त्यांचं नाव इथे टाकत नाहीये, त्यांनीच सांगितलंय टाकू नका, आधीच वेटिंग आहे. एरंडवण्यात नळ स्टॉपच्या जवळ एवढं पुरे, ज्याला शोधायचंय तो शोधतो बरोबर.

मी का गेलो ते आधी. माझं वारज्यात इलेक्ट्रिकलचं दुकान आहे, वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, १९८९ साली टाकलेलं, आता मी बघतो. बघतो म्हणजे गिऱ्हाईक समोर असेल तर प्रश्नच नाही, कुठल्या गीझरला किती अँपिअरचा एमसीबी लागेल हे मला झोपेतून उठवून विचारा. पण कागद आला की संपलं. जीएसटीचं रिटर्न उशिरा गेलं की दिवसाला ५० रुपये लेट फी बसते, २५ सेंट्रलचे २५ स्टेटचे, आणि मी एक रिटर्न ४० दिवस लटकवलं. तयार होतं ते! सीएने सगळं भरून ठेवलेलं, मला फक्त मोबाइलवर आलेला ओटीपी सांगायचा होता. ते फोन करायचे, मी म्हणायचो गिऱ्हाईक आहे, दहा मिनिटांत करतो, आणि ती दहा मिनिटं ४० दिवस चालली. आळशी म्हणाल तर त्याच ४० दिवसांत मी दुकानातले सगळे रॅक उतरवून स्क्रू आणि गट्टू साइजप्रमाणे डब्यांत लावून डब्यांना लेबलं चिकटवत रात्री दोनपर्यंत बसलेलो आहे. कोणी सांगितलं नव्हतं. त्याच महिन्यात दुकानाचं लाइटबिल भरायचं राहिलं आणि लाइनमन कनेक्शन तोडायला आला, इलेक्ट्रिकलच्या दुकानाचं, आणि तो आमचंच गिऱ्हाईक, माझ्यापेक्षा तोच जास्त लाजला.

बायको सहकारी बँकेत आहे. तिने एका रविवारी वही घेतली आणि वर्षभरातली लेट फी, दंड, हरवलेली चलनं, दोनदा आणलेला माल (तपकीर गल्लीत, इलेक्ट्रिकलच्या बाजारात, जायचं, ९० मीटरच्या वायरच्या कॉइल आणायच्या आणि दुकानात आल्यावर बघायचं तर मागच्या आठवड्यात आणलेल्या तशाच पडल्यात) असं सगळं मांडलं. बेरीज इथे सांगत नाही. ती भांडली नाही, गप्प वही मिटली, त्याचाच जास्त त्रास झाला.

ह्याच्या आधी दुसरीकडे गेलो होतो, नाव घेत नाही. पाच सेशन. पहाटे उठा, डायरी लिहा, मोबाइल कमी करा, ध्यान करा. वाईट काहीच नव्हतं त्यात, पण फेजच येत नाहीये आणि हे आपले बल्ब बदलून बघा सांगतायत. मी चार डायऱ्या आणल्या. चारही कोऱ्या आहेत, कोणाला हव्या असतील तर दुकानात या.

इथे फॉर्म भरला की एक मेसेज येतो त्यात फोटो असतात. बिल्डिंगचं गेट, जिना, दार, आतली खोली, तिन्ही खुर्च्या, कुठलीही घ्या. मला हसू आलं, म्हणलं आम्ही काय फ्लॅट बघायला येतोय का, पण जायच्या दिवशी निम्मं टेन्शन त्या फोटोंनीच गेलं हे खरं. मेट्रोने गेलात तर नळ स्टॉपला उतरून सात-आठ मिनिटं चालायचं. गाडीने जाऊ नका. वर मेट्रो, मध्ये फ्लायओव्हर, त्याच्या खाली आपण, आणि गल्लीत सम-विषम पार्किंग. मी पहिल्याच दिवशी चुकीच्या बाजूला लावली, खाली आलो तर गाडी नाही. बायकोच्या वहीत नवीन पान.

आता माझ्या धंद्यामुळे मी कुठेही गेलो की आधी वर बघतो. ह्यांच्या खोलीत एकही ट्यूब नाही. सगळे वॉर्म व्हाइट एलईडी, उजेड भिंतीवर पडेल असे, डिमर लावलेला. पंखा बीएलडीसी, जवळजवळ आवाज नाही. विचारलं कोणी करून दिलं, तर म्हणाल्या दोन इलेक्ट्रिशियन बदलले, तिसऱ्याने ऐकलं. मग आमचा बराच वेळ ट्यूबवरच गेला. जुनी चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा मिचकावते, आपला सप्लाय ५० हर्ट्झचा आहे म्हणून, बहुतेकांना ते दिसत नाही, आणि चोक सैल असला की गुणगुणतो ते वेगळंच. त्या म्हणाल्या, "मला ते ऐकू यायचं. इंजिनिअरिंगच्या परीक्षेचा हॉल होता, पन्नासेक ट्यूब असतील. मी तीन तास चोक ऐकत बसायचे. शेजारच्या मुलीला विचारलं तुला त्रास नाही का होत, ती म्हणाली कसला?"

इथून त्यांची गोष्ट सुरू झाली. एकदम बसून सांगितली नाही, प्रत्येक वेळी थोडी थोडी, जिथे माझ्या मुद्द्याला लागू पडेल तेवढीच, आणि ते बरंच केलं कारण फी माझी चालू होती.

मूळच्या साताऱ्याकडच्या. दहावीला ८८ टक्के. २००१ ला बारावी होऊन पुण्यात इंजिनिअरिंगला, कारण मार्क असले की दुसरं काय करायचं असतं. पहिल्या वर्षी दोन विषय राहिले, दुसऱ्या वर्षी चार. घरचे म्हणाले हॉस्टेलची हवा लागली. खरं तर त्या मेसमध्ये जेवायलाच जात नव्हत्या, स्टीलच्या ताटांचा आवाज सहन व्हायचा नाही, बिस्किटांवर दिवस काढायच्या. शेवटी ते सोडून बीएला सायकॉलॉजी, त्यावरून वडिलांशी वर्षभर अबोला. आणि तिथे मात्र गाडी सुटली ती सुटलीच. एमए पुणे विद्यापीठातून (सावित्रीबाईंचं नाव २०१४ ला लागलं, ह्या त्याच्या आधीच्या), दोन वर्षं एका शाळेत काउन्सेलर, आणि मग एमफिल क्लिनिकल सायकॉलॉजी.

इथे एक सांगतो कारण मला स्वतःला माहीत नव्हतं. दारावर काउन्सेलर म्हणून पाटी कोणीही लावतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला मात्र रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी लागते, १९९२ च्या कायद्याप्रमाणे, आणि त्यासाठी कौन्सिलने मान्य केलेला कोर्स, ह्यांच्या वेळी तो म्हणजे दोन वर्षांचं एमफिल, हॉस्पिटलच्या पोस्टिंगसकट. नोंदणी झाली की सीआरआर नंबर मिळतो, तो ऑनलाइन तपासता येतो. ह्यांचा नंबर फॉर्मवर होता, मी जिन्यात उभं राहून तपासला. आणि गोळ्या लिहून द्यायचा अधिकार सायकॉलॉजिस्टला नसतो, तो सायकियाट्रिस्टचा, हे दोन वेगळे लोक आहेत. आमच्या घरी अजून सगळ्यांना "डॉक्टर"च म्हणतात.

तर ती एमफिलची दोन वर्षं त्यांची सगळ्यात वाईट गेली. पेशंटशी बोलण्यात एक नंबर, वॉर्डातल्या सिस्टर मुद्दाम ह्यांना बोलवायच्या. पण केस रेकॉर्ड लिहून द्यावे लागतात, एकेक वीस-पंचवीस पानांचं, हिस्टरी, टेस्टचे आकडे, निष्कर्ष, ते साठत गेले. डोक्यात सगळं तयार, कागदावर काही नाही. (माझा ओटीपी!) एकदा वरिष्ठ सगळ्यांसमोर म्हणाले तुम्ही पेशंट व्हायच्या लायकीच्या आहात, सायकॉलॉजिस्ट व्हायच्या नाही. "तेव्हा रडले. आता वाटतं निदान बरोबर होतं त्यांचं, फक्त टेस्ट न करता दिलं." हे सांगताना त्या हसल्या. मला नाही आलं हसू, मला माझे शाळेतले सर आठवले.

त्याच सुमारास, २०११ मध्ये, मार्शा लिनेहान म्हणून अमेरिकेतल्या मोठ्या सायकॉलॉजिस्ट, सतत आत्महत्येचे विचार येणाऱ्या लोकांसाठी डीबीटी ही थेरपी ज्यांनी उभी केली, त्यांनी वयाच्या ६८ व्या वर्षी जाहीर सांगितलं की तरुणपणी मी स्वतः मनोरुग्णालयात पेशंट होते. मॅडमनी ते वाचलं आणि एमफिल सोडायचा अर्ज फाडून टाकला. अर्जही अर्धाच लिहून झाला होता म्हणे.

स्वतःचं कळलं ते ३३ व्या वर्षी, तेही दुसऱ्याची तपासणी करताना. एका लहान मुलाच्या आईची मुलाखत चालू होती. मुलगा वस्तू हरवतो का, हातात घेतलेलं अर्धवट सोडतो का, कोणी समोर बोलत असताना त्याचं लक्ष भलतीकडे असतं का. चार-पाच प्रश्न झाल्यावर ती आई म्हणाली, मॅडम राग मानू नका पण तुम्ही हे त्याचं विचारताय की तुमचं सांगताय, आत्ताच तुम्ही तिसऱ्यांदा पेन शोधलंत. पेन कानावर होतं. त्यांनी स्वतःच स्वतःची तपासणी केली नाही, दुसऱ्या शहरात जाऊन रीतसर करून घेतली, कारण पुण्यात ह्या क्षेत्रातले सगळे ओळखीचे.

ऑटिझमचं कळायला त्यापुढे आणखी चार वर्षं गेली. निदानासाठी जगभर जे पुस्तक वापरतात, डीएसएम, त्यात २०१३ पर्यंत नियमच होता की ऑटिझम असेल तर एडीएचडीचं निदान वेगळं द्यायचं नाही. पाचव्या आवृत्तीत तो काढला. पण जे जुन्या पुस्तकावर शिकले त्यांच्या डोक्यातून तो निघायला वेळ लागला, "माझ्याही," असं त्या म्हणाल्या. एडीएचडीला रोज नवीन काहीतरी हवं असतं, ऑटिझमला सगळं रोज जागच्या जागी हवं असतं. "दोन भाडेकरू आहेत, दिवसभर भांडतात, आणि घरमालकीण मी."

जरा बाजूचं आहे पण सांगतोच. मी विचारलं मॅडम एवढा आवाजाचा त्रास आणि तुम्ही पुण्यात राहता, जून-जुलै आला की नदीपात्रात ढोल सुरू होतात, गणपतीचं काय करता? तर म्हणे मी बीएला असताना दोन वर्षं पथकात ताशा वाजवलाय. मला वाटलं चेष्टा करतायत, पण मोबाइलमध्ये फोटो होता, फेटा-बिटा बांधून. "जो आवाज मी काढते त्याचा त्रास होत नाही, पुढचा ठोका कधी पडणार मला माहीत असतं. जो न विचारता येऊन अंगावर पडतो त्याचा होतो." गणपतीचे दहा दिवस त्यांची सेशन ऑनलाइन असतात आणि विसर्जनाच्या दिवशी क्लिनिक बंद. बेलचं कोडं मला तेव्हा सुटलं.

फॉर्मवर न्यूरोडायव्हर्जंट असा शब्द आहे. अप्पांनी विचारलं हे काय, म्हणलं डोक्यातलं वायरिंग वेगळं असतं. वेगळं म्हणजे लूज का? नाही हो अप्पा, जिन्यातल्या टू-वे स्विचसारखं, ज्याला ते जोडणं माहीत नाही त्याला वाटतं बोर्ड बिघडलाय. अप्पांना ते लगेच पटलं, आणि मग लगेच म्हणाले, मग त्या बाईंनी वायरिंग शिकायला एवढी वर्षं का लावली.

आता तपासणी. मी रील्स बघून खात्री करूनच गेलो होतो, गेल्या गेल्या म्हणलं मॅडम मला एडीएचडी आहे, फक्त कागद द्या. त्या म्हणाल्या, "मला आहे म्हणून तुम्हाला असेलच असं नाही." मला थोडं लागलं ते. मला वाटलेलं आपल्यातलंच माणूस आहे, पटकन समजून घेईल. पण पुढे त्या जे बोलल्या त्यासाठी खरंतर मी हा रिव्ह्यू लिहितोय. म्हणाल्या, "माझ्यासमोर बसणाऱ्या प्रत्येकात मला मी दिसते. धोकाच आहे तो. म्हणून माझा प्रत्येक रिपोर्ट मी दुसऱ्या एका सायकॉलॉजिस्टकडून नाव झाकून तपासून घेते, आणि त्यांना ह्यातलं काही नाहीये, घड्याळ लावून चालणारा माणूस आहे." आता सांगा, किती ठिकाणी असं ऐकलंय. लोक स्वतःला आलेल्या अनुभवावर दुकान उघडतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला तोच माल देतात.

तीन भेटी झाल्या. पहिली दीड तास, नुसती हिस्टरी. दुसऱ्यात एकेक लक्षण घेऊन आत्ताचं उदाहरण द्या, लहानपणचं द्या, नुसतं "हो होतं" चालत नाही, प्रसंग सांगा. एकूण १८ लक्षणं असतात, ९ लक्ष न लागण्याची आणि ९ चुळबुळ-उतावळेपणाची, मुलांमध्ये एका गटातली ६ लागतात आणि १७ वर्षांच्या पुढे ५. त्यातली काही वयाच्या १२ च्या आधीपासून असली पाहिजेत आणि एकाच ठिकाणी नाही, घरी पण आणि कामात पण. म्हणून आईला बोलावलं होतं. आईने येताना माझी प्रगतिपुस्तकं आणली, मला माहीत पण नव्हतं तिने ठेवलीत. तिसरीच्या बाईंचा शेरा, "हुशार आहे पण खिडकीत बसवू नये." आई म्हणाली ह्याला दुधाची पिशवी आणायला पाठवलं तर हा तासाभराने मांजराचं पिल्लू घेऊन आला होता, दूध दुकानातच. मॅडम लिहीत होत्या, मध्येच थांबल्या आणि विचारलं, "पिल्लाचं पुढे काय झालं?" आणि मग आई आणि त्या दोघी मांजरांवर दहा मिनिटं. एडीएचडीवाला डॉक्टर म्हणजे हे धरूनच चला.

शिवाय थायरॉइड आणि बी१२ करून आणायला लावलं, झोप किती, घोरता का हे बायकोला वेगळं विचारलं. तेव्हा मला वाटलं उगाच वाढवतायत. पण माझ्यानंतर माझा एक मित्र गेला, हार्डवेअरवाला, त्याला माझी गोष्ट ऐकून खात्री झाली की त्याचं पण हेच. त्याला त्यांनी सांगितलं तुम्हाला एडीएचडी नाही, तुम्ही घोरता आणि दिवसा पेंगता, झोपेची तपासणी करून घ्या. तो नाराज, म्हणे पैसे घेऊन नाही सांगितलं. स्लीप स्टडीत निघालं की रात्री श्वास थांबतोय. आता मशीन लावून झोपतो आणि दुकानात माझ्या आधी शटर उघडतो.

माझं आलं. तिसऱ्या भेटीत त्यांनी सांगितलं आणि म्हणाल्या, "लक्ष भरपूर आहे हो तुमच्याकडे. स्विचबोर्ड तेवढा दुसऱ्या खोलीत आहे." आणि मी रडलो. ३९ वर्षांचा माणूस, दुकानदार, ढसाढसा. आता दुसऱ्या कोणी असतं तर टिश्यू पुढे केला असता, काहीतरी मऊ बोलले असते. ह्या काही बोलल्या नाहीत. खिडकीतल्या कुंडीकडे बघत बसल्या. पाच मिनिटं तरी. बायको बरोबर होती, तिला ते अजिबात आवडलं नाही, बाहेर आल्यावर म्हणाली कसल्या कोरड्या आहेत, तोंडाकडे पण बघत नाहीत. मला काय माहीत, मला बरं वाटलं, कोणी बघत नाहीये म्हणून नीट रडता आलं.

पुढच्या वेळी बायकोने त्यांना तोंडावर विचारलं. आमची ही अशीच आहे. त्यांना राग आला नाही, म्हणाल्या बरं झालं विचारलंत, आणि डेमियन मिल्टन म्हणून इंग्लंडमधल्या एका संशोधकाचं सांगितलं, तो स्वतः ऑटिस्टिक आहे, त्याने २०१२ साली मांडलं की ऑटिस्टिक लोकांना दुसऱ्याचं मन कळत नाही असं म्हणणं एकतर्फी आहे, दुसऱ्यांनाही ऑटिस्टिक माणसाचं कळत नसतं, अडचण दोन्हीकडून असते. "मला तुमचं रडणं दिसत होतं. चेहऱ्याकडे बघितलं की मला ऐकायला कमी येतं, म्हणून मी कुंडीकडे बघून ऐकते. पण तुम्हाला ते कोरडं वाटलं हे पण खरंच आहे, मी आधी सांगायला पाहिजे होतं." आता त्या पहिल्या भेटीत सांगतात म्हणे. बायकोला अर्धं पटलं, अर्धं नाही. तुम्हाला डोळ्यात बघून धीर देणारं कोणी हवं असेल तर इथे येऊ नका, हे स्पष्ट सांगतो. एका पालकांनी फॉर्मवरचं वाचून मुलाला काढून घेतलं होतं, ज्याला स्वतःचं निभत नाही तो दुसऱ्याला काय शिकवणार असं म्हणून, ते त्यांनीच मला सांगितलं, तक्रारीच्या सुरात नाही, पाऊस पडला सांगावं तसं.

पैसे. मी गेलो तेव्हा सेशन १,८०० रुपये, ५० मिनिटं. पूर्ण तपासणी रिपोर्टसकट ९,०००. दिवसाला चारच लोक घेतात आणि मध्ये अर्धा-अर्धा तास रिकामा, त्यामुळे आत गेलात की कोणी ताटकळत बसलेलं नसतं. माझ्या मेडिक्लेमात ओपीडी नाही त्यामुळे एक रुपया परत आला नाही. मी गमतीत विचारलं काही सवलत-बिवलत मिळते का ह्या कागदावर, तर म्हणाल्या दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, ऑटिझम त्यात आहे, एडीएचडीचं नाव नाही. म्हणजे एका भाडेकरूला नळ आहे, दुसऱ्याला नाही.

आता तक्रार, कारण नुसतं गोड लिहिलं तर कोणाला खरं वाटणार नाही. रिपोर्ट दोन आठवड्यांत देतो सांगितलं आणि आला पाचव्या आठवड्यात. तीन वेळा मेसेज केला. सायकियाट्रिस्टकडची अपॉइंटमेंट मला रिपोर्टशिवाय पुढे ढकलावी लागली. मी चिडलो, म्हणलं मॅडम तुम्हाला एडीएचडी आहे हे माहीत असून मी आलो हे मान्य, पण माझे ९,००० रुपये नॉर्मल होते. त्यांनी कारण सांगितलं नाही, हे मला आवडलं. म्हणाल्या चूक माझी, १,८०० परत घ्या, आणि जूनपासून रिपोर्ट टाइप करायला एक मुलगी ठेवलीये, मी बोलते ती लिहिते, त्यासाठी फी २०० ने वाढवलीये. एमफिलला जे केस रेकॉर्ड लिहून झाले नाहीत त्याचाच हा पुढचा भाग, एवढंच की आता त्यांनी स्वतःला शिव्या घालायच्या ऐवजी माणूस ठेवला. मित्राचा रिपोर्ट अकराव्या दिवशी आला.

गोळीबद्दल काही लिहीत नाही, ते सायकियाट्रिस्ट बघतात, प्रत्येकाचं वेगळं असतं, रिव्ह्यू वाचून कोणी मेडिकलमध्ये जाऊ नये, चिठ्ठीशिवाय मिळतही नाही. ह्यांच्याकडे आता महिन्यातून एकदा जातो. आणि दर गुरुवारी सकाळी सातला त्यांचा ऑनलाइन एक तास असतो, १५० रुपये, सात-आठ जण कॅमेरा चालू ठेवून आपापलं तुंबलेलं काम करतात. कोणी बोलत नाही. एक जण गेले दोन महिने इन्कम टॅक्सचे कागद लावतोय, एक ताई नुसत्या कपड्यांच्या घड्या घालतात. मला आधी वाटलं ह्याचे कसले पैसे, घरी बसून करता येत नाही का. नाही येत. तिथे येतं. का येतं ते त्यांनी समजावलं होतं, दुसऱ्याच्या समोर असलं की डोकं कामाला लागतं वगैरे, मी तेव्हा त्यांच्या डिमरकडे बघत होतो. ओटीपीचं पण त्यांनीच सुचवलं, साधं आहे, सीए १८ तारखेला ११ वाजता फोन करतात आणि मी ओटीपी सांगेपर्यंत कोणीच फोन ठेवायचा नाही. गिऱ्हाईक असलं तरी. गिऱ्हाईक पण आता थांबतं, म्हणतं सांग बाबा आधी. सहा महिन्यांत लेट फी एकदाच लागली, आणि ती माझ्यामुळे नाही, सीए गावाला गेले होते.

शेवटचं म्हणजे अप्पा. मी घरी सांगितलं की हे घराण्यात चालतं, जुळ्यांवरच्या अभ्यासातून दिसलंय की ७० ते ८० टक्के वाटा वारशाचा असतो, म्हणजे मुलाला होणारच असं नाही पण उंचीसारखं येतं. अप्पा काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी दुकानात, गिऱ्हाईक नसताना, होल्डरला वायर लावता लावता विचारलं, की माझ्या वयात बघून मिळतं का रे. मी म्हणलं अप्पा तुम्ही ७१ वर्षांचे, आता काय करायचंय. ते म्हणाले करायचं काही नाही, चार धंदे अर्धवट टाकून पाचवा हा टाकला, बघू तरी.

मॅडमना विचारलं, वयाची अट नाही म्हणाल्या, पण लहानपणचं सांगणारं कोणी हवं. आत्याबाई आहेत ८० च्या, त्यांना सगळं आठवतं, नको ते जास्त. वेटिंग सात आठवडे आहे, नंबर लावलाय. फक्त क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही आणि अप्पांचे गुडघे गेलेत, आत्याबाईंचं तर विचारूच नका. एक स्टार मी त्या जिन्याचा कापलाय आणि तो परत देणार नाही.